पाण्याखाली जिंकलेले सुवर्णपदक : ब्रेस्टस्ट्रोक, मेलबर्न १९५६ आणि एका नियमाची जन्मकथा

मेलबर्न, डिसेंबर १९५६. ऑलिंपिकसाठी नव्याने बांधलेल्या जलतरण तलावात पुरुषांच्या २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकची अंतिम शर्यत सुरू होते. इशारा होताच स्पर्धक सूर मारतात, पाणी हेलकावते, आणि मग प्रेक्षकांना चमत्कारिक वाटावे असे काही घडते. ज्याच्याकडे साऱ्यांचे लक्ष आहे तो पाण्यावर येतच नाही.

जपानचा वीस वर्षांचा मासारू फुरुकावा पाण्याखालून सरकणारी एक सावली होऊन पुढे चालला आहे. तलावाची लांबी ५० मीटर. पलीकडची भिंत जवळ आल्यावर तो वर येतो, श्वास घेतो, वळतो आणि पुन्हा दिसेनासा होतो. पहिल्या तीन लांबींमध्ये तो प्रत्येकी जेमतेम पाच मीटर पाण्यावर होता आणि चौथ्या लांबीचाही सुमारे निम्मा भाग त्याने पाण्याखालीच काढला, असे या शर्यतीचे वर्णन केले जाते. हिशेब मांडला तर २०० पैकी सुमारे १६० मीटर अंतर त्याने पाण्याखालून कापले.

वेळ २ मिनिटे ३४.७ सेकंद, नवा ऑलिंपिक विक्रम. त्याचाच देशबांधव मासाहिरो योशिमुरा दोन सेकंदांनी मागे, दुसरा. सोव्हिएत संघाचा खारिस युनिचेव्ह तिसरा. फुरुकावाच्या गळ्यात सुवर्णपदक पडले. आणि पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाने, म्हणजे तेव्हाच्या ‘फिना’ने, त्याची पोहण्याची ती पद्धत नियमबाह्य ठरवली.

या तलावाचे नाव निघाले की इतिहासप्रेमींना दुसराच एक प्रसंग आठवतो. हंगेरीतील उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडल्याला महिनाच उलटला होता, आणि ६ डिसेंबरला याच पाण्यात हंगेरी व सोव्हिएत संघ यांच्यातला तो रक्तरंजित वॉटरपोलो सामना झाला. त्या सामन्यावर चित्रपट निघाले, लेख लिहिले गेले. फुरुकावाची शर्यत मात्र त्या गदारोळात मागे पडली. आजचा थ्रेड तिच्याविषयी आहे. फुरुकावाने लबाडी केली होती काय? नसेल, तर त्याची पद्धत मोडीत का काढावी लागली? उत्तरासाठी बरेच मागे जावे लागेल.

ब्रेस्टस्ट्रोक म्हणजे छातीवर, बेडकासारखे हातपाय पसरून पोहणे. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये सभ्य पोहणे ते हेच, असे मानले जाई. १८४४ मध्ये उत्तर अमेरिकेतील दोन मूलनिवासी पुरुषांनी लंडनमध्ये पोहून दाखवले. पवनचक्कीच्या पात्यांसारखे हात फिरवत ते वेगाने गेले. पण त्या वेगाचे कौतुक होण्याऐवजी इंग्रजांना ती पद्धत रानटी वाटली. १८७५ च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन मॅथ्यू वेबने इंग्लिश खाडी पोहून पार केली तीही ब्रेस्टस्ट्रोकने. त्याला पावणेबावीस तास लागले.

पुढे त्याच ‘रानटी’ हातांच्या फेकीतून आजचा फ्रीस्टाइल घडत गेला आणि ब्रेस्टस्ट्रोक वेगाच्या शर्यतीतून कायमचा बाद झाला. कारण साधे आहे. या प्रकारात हात पुढे नेताना तेही पाण्यातूनच न्यावे लागतात. म्हणजे ज्या पाण्याला मागे रेटून पुढे सरकायचे, त्याच पाण्याला परत येताना टक्कर द्यायची. एक पाऊल पुढे, अर्धे पाऊल मागे. आजही स्पर्धेतल्या चार प्रकारांत हा सर्वांत संथ आहे.

मग तो टिकला कसा? त्याच्यासाठी वेगळी शर्यत ठेवली गेली म्हणून. १९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिकपासून ब्रेस्टस्ट्रोकला स्वतंत्र स्थान मिळाले. १९०८ मध्ये लंडनच्या स्टेडियमच्या मैदानातच बांधलेल्या १०० मीटर लांबीच्या तलावात इंग्लंडचा फ्रेडरिक होल्मन २०० मीटरची शर्यत ३ मिनिटे ९.२ सेकंदांत जिंकला. त्याच वर्षी, त्याच शहरात फिनाची स्थापना झाली. माझ्या मते इथेच या साऱ्या कथेची गुरुकिल्ली आहे. फ्रीस्टाइलला व्याख्या लागत नाही. ज्याला जसे वेगात पोहता येईल तसे त्याने पोहावे. ब्रेस्टस्ट्रोक मात्र नियमांच्या कुंपणात जगतो. कुंपण काढले की तो प्रकारच उरत नाही. आणि कुंपण आले की त्यातली फट शोधणारेही आले.

सुरुवातीची काही वर्षे या शर्यतीवर जर्मनांचे व स्वीडिश पोहणाऱ्यांचे वर्चस्व होते. १९२८ च्या ॲमस्टरडॅममध्ये चित्र पालटले. जर्मनीचा एरिश राडेमाखर विश्वविक्रमवीर म्हणून उतरला होता. जपानच्या योशियुकी त्सुरुताने त्याला मागे टाकून २ मिनिटे ४८.८ सेकंदांत सुवर्णपदक पटकावले. जपानचे जलतरणातले ते पहिले ऑलिंपिक सुवर्ण. चार वर्षांनी लॉस एंजेलिसमध्ये त्सुरुता पुन्हा जिंकला, आणि दुसरा आला तोही जपानचाच रेझो कोइके.

या दोन्ही शर्यतींतला कांस्यपदकविजेता मात्र एकच होता, आणि त्याच्यासाठी इथे थोडे थांबायलाच हवे. तेओफिलो इल्देफोन्सो. फिलिपिन्सच्या उत्तरेकडील इलोकोस नोर्ते प्रांतातील पिदिग गावचा. ‘फिलिपीन स्काउट्स’ या पलटणीतला शिपाई. ॲमस्टरडॅमचे त्याचे कांस्य हे केवळ फिलिपिन्सचेच नव्हे, तर साऱ्या आग्नेय आशियाचे पहिले ऑलिंपिक पदक. त्याचा देश तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होता. १९३६ मध्ये बर्लिनला तो तिसऱ्यांदा अंतिम फेरीत पोहोचला. या वेळी पदक मिळाले नाही. पुढे जपानी सैन्य फिलिपिन्समध्ये उतरले. इल्देफोन्सो बाताआनला लढला, पकडला गेला, कैद्यांच्या त्या कुप्रसिद्ध मृत्युयात्रेतून चालला आणि १९४२ मध्ये कापास येथील छावणीत मरण पावला. ज्या देशाच्या पोहणाऱ्यांच्या शेजारी तो दोनदा विजयमंचावर उभा राहिला होता, त्याच देशाच्या कैदेत. तंत्राच्या इतिहासात त्याचे नाव निघते ते आणखी एका कारणाने. पाण्याच्या पृष्ठभागालगत राहून पोहण्याची त्याची शैली आधुनिक ब्रेस्टस्ट्रोकची पूर्वज मानली जाते.

आता पहिल्या फटीकडे वळू.

तेव्हाचा नियम असा होता की दोन्ही हात एकाच वेळी आणि सारख्याच रीतीने पुढे गेले पाहिजेत. ते पाण्यातूनच गेले पाहिजेत, असे कोणी लिहिले नव्हते. लिहिण्याची गरज कोणाला वाटली असती? पण संथपणाचे मूळच त्या परतीच्या प्रवासात होते. राडेमाखरने वळताना व शर्यत संपवताना हात पाण्याबाहेरून टाकून पाहिले होते. १९३३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे हेन्री मायर्स नावाच्या पोहणाऱ्याने संपूर्ण शर्यतभर दोन्ही हात हवेतून पुढे फेकले. पाय बेडकाचे, हात फुलपाखराचे. पंच गोंधळले, पण नियमांत या पद्धतीला मनाई सापडेना.

त्याच सुमारास आयोवा विद्यापीठात डेव्हिड आर्मब्रस्टर हे प्रशिक्षक आणि त्यांचा शिष्य जॅक सीग यांनी पायांचाही प्रयोग केला. दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखे वरखाली हलवायचे. वेग थक्क करणारा होता. पण पायांबाबत नियम स्पष्ट होता. बेडकाची लाथ हवी म्हणजे हवी. ती पद्धत तूर्त बाजूला ठेवावी लागली.

हवेतून हात फेकणे वेगवान होते, पण दमछाक करणारे. बर्लिनच्या १९३६ च्या अंतिम फेरीत अमेरिकेचा जॉन हिगिन्स असे हात मारत पोहला आणि चौथा आला. सुवर्णपदक जुन्या पद्धतीने पोहणाऱ्या जपानच्या तेत्सुओ हामुरोला मिळाले. जर्मनीच्या एर्विन झीटासला त्याने अवघ्या ०.४ सेकंदाने हरवले. याच स्पर्धेत महिलांची २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक जपानच्या हिदेको माएहाताने जिंकली. तिच्या शर्यतीचे रेडिओवर धावते वर्णन करणारा निवेदक वर्णन करायचेच विसरला आणि तिचे नाव घेऊन नुसता ‘जोर लाव, जोर लाव’ असे ओरडत राहिला. जपानी प्रसारणाच्या इतिहासातला तो अजरामर क्षण मानला जातो. माएहाता वाकायामा प्रांतातील हाशिमोतोची. ते गाव लक्षात ठेवा.

मग युद्ध आले. १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक झाली नाहीत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जर्मनी व जपान यांना निमंत्रण नव्हते. ब्रेस्टस्ट्रोकची तिन्ही पदके अमेरिकेने नेली; जो व्हर्डर पहिला. अंतिम फेरीत हवेतून हात न फेकणारा शोधावा लागत होता. १९५२ च्या हेलसिंकीत तर शोधूनही सापडला नसता. ऑस्ट्रेलियाचा जॉन डेव्हिस २ मिनिटे ३४.४ सेकंदांत जिंकला. (हा डेव्हिस पुढे अमेरिकेत संघीय न्यायाधीश झाला. १९९३ मध्ये रॉडनी किंग मारहाण प्रकरणातील पोलिसांवरचा खटला त्याच्याच न्यायालयात चालला. इतिहासाचे धागे असे कुठेही जाऊन मिळतात.)

२ मिनिटे ३४.४ हा आकडा मनात ठेवा. तो पुढे पुन्हा येणार आहे.

शर्यतीचे नाव ब्रेस्टस्ट्रोक, आणि ब्रेस्टस्ट्रोक पोहणारा एकही नाही, अशी अवस्था झाल्यावर फिनाला जाग आली. हेलसिंकीनंतर दोन्ही प्रकार वेगळे करण्यात आले. फुलपाखरी हातांना ‘बटरफ्लाय’ हे स्वतःचे घर मिळाले, आणि तिथे आयोवातील त्या जोडपायांच्या लाथेलाही दार उघडले. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये हात पाण्याबाहेर काढायला बंदी आली. जुनी पद्धत परतली, असे सर्वांना वाटले.

पण पोहणारे तेच होते, आणि पाणीही तेच.

पाण्याच्या पृष्ठभागावर पोहणारे शरीर सतत लाटा उभ्या करते. होडीच्या नाळेपुढे जशी पाण्याची भिंत तयार होते, तशी छातीपुढेही होते. ती लाट उभी करण्यात पोहणाऱ्याची शक्ती खर्ची पडते. शरीर पुरेसे खाली गेले तर लाट उठत नाही आणि तो खर्च वाचतो. शिवाय पाण्याखाली डोके वर काढण्याची घाई नसते. हात डोक्यापुढून थेट मांड्यांपर्यंत, एकाच लांब ओढीत, आणता येतात आणि मग बाणासारखे ताठ राहून सरकता येते. पृष्ठभागावर हात छातीपाशी पोहोचताच त्यांना पुन्हा पुढे न्यावे लागते. म्हणजे नवा नियम हातांना पाण्याबाहेर जाऊ देत नव्हता हे खरे, पण पोहणाऱ्याला पाण्याच्या आत जायला कोणीच अडवत नव्हते.

भिंत सोडल्यानंतर पृष्ठभागावर केव्हा यायचे याला ठाम मर्यादा नव्हती. जपानी पोहणाऱ्यांनी ही गोष्ट सर्वांत गांभीर्याने घेतली. त्याची पार्श्वभूमी समजून घ्यायला हवी. १९३० च्या दशकात पुरुषांच्या जलतरणावर जपानचे राज्य होते. युद्धोत्तर काळात हिरोनोशिन फुरुहाशीने दीर्घ पल्ल्याच्या फ्रीस्टाइलमध्ये विलक्षण वेळा नोंदवल्या. परंतु १९४८ चे दार बंद होते, आणि १९५२ मध्ये दार उघडले तेव्हा त्याचा बहर ओसरला होता. हेलसिंकीहून जपानी पोहणारे रौप्यपदके घेऊन परतले, सुवर्ण एकही नाही. पराभूत, उद्ध्वस्त देशाला ज्या थोड्या गोष्टींचा अभिमान उरला होता त्यांत पोहणे होते. आणि बर्लिननंतर वीस वर्षे तिथे सर्वोच्च पायरी रिकामी होती.

फुरुकावा त्याच हाशिमोतोचा, माएहाताच्या गावचा. की नदीच्या काठी वसलेल्या या छोट्या गावाने ब्रेस्टस्ट्रोकचे दोन ऑलिंपिक विजेते दिले. १९५४-५५ पासूनच तो विश्वविक्रम मोडू लागला होता. पाण्याखाली लांब पल्ला मारण्याचे तंत्र त्याने एकट्याने शोधले नव्हते आणि ते एकट्यापुरते राहिलेही नव्हते; पण त्याच्याइतके ते कोणाला साधले नाही.

मेलबर्नमध्ये पंचांपुढे पेच होता. एकदा पृष्ठभागावर आल्यावर श्वास घेऊन पुन्हा बुडी, पुन्हा श्वास, पुन्हा बुडी, असे पोहणाऱ्या काही स्पर्धकांना त्यांनी बाद केले. फुरुकावाची युक्ती वेगळी होती. तो सुरुवातीनंतर आणि वळणानंतर वर येतच नसे. भिंतीपाशी मुभा असलेली ती बुडी तो जवळजवळ दुसऱ्या भिंतीपर्यंत ताणत नेई. बुडी तीच, फक्त लांबी निराळी. नियमाची अक्षरे त्याच्या बाजूने होती.

आणि आता तो आकडा पुन्हा काढा. १९५२ मध्ये हवेतून हात फेकणाऱ्या डेव्हिसची वेळ २:३४.४. १९५६ मध्ये हात पाण्याबाहेर अजिबात न काढणाऱ्या फुरुकावाची वेळ २:३४.७. फिनाने एक दार बंद करून जो वेग काढून घेतला होता, तो दुसऱ्या दाराने जवळजवळ पूर्ण परत आला. त्याच मेलबर्नमध्ये स्वतंत्र झालेल्या बटरफ्लायची पहिली ऑलिंपिक शर्यत अमेरिकेच्या विल्यम योर्झिकने २:१९.३ मध्ये जिंकली. जोडपायांची लाथ मोकळी सुटल्यावर काय होते, ते त्या पंधरा सेकंदांच्या अंतरात दिसते.

बंदीचे कारण केवळ सौंदर्यदृष्टी नव्हते. हे नीट समजून घ्या, कारण समाजमाध्यमांवर ही गोष्ट बहुधा ‘जपान्यांना रोखण्यासाठी नियम बदलला’ अशा एका वाक्यात आटोपली जाते. जोरकस श्रम करताना श्वास रोखून धरणे हा प्राणाशी खेळ आहे. स्नायू प्राणवायू झपाट्याने संपवतात, मेंदूला तो कमी पडतो, आणि पोहणारा फारशी पूर्वसूचना न मिळता पाण्यातच बेशुद्ध पडू शकतो. या पद्धतीच्या प्रसारानंतर शर्यतीत पोहणाऱ्यांची शुद्ध हरपल्याचे प्रसंग घडू लागले होते. ऑलिंपिकविजेता जे करतो ते उद्या शाळेतला मुलगा करणार. प्रेक्षकांचाही प्रश्न होताच. रिकाम्या पाण्याकडे पाहायला तिकीट कोण काढणार? पण माझ्या दृष्टीने पहिले कारण एकटेच पुरेसे होते. बंदी योग्यच होती. मात्र तेवढ्याने फुरुकावाचे पदक डागाळते, हा निष्कर्ष मला मान्य नाही. त्याने जे केले ते हजारो डोळ्यांदेखत केले, पंचांच्या समोर केले, आणि त्या दिवशीच्या नियमांत राहून केले.

१९५७ च्या नव्या नियमाने सुरुवातीनंतर आणि प्रत्येक वळणानंतर पाण्याखाली फक्त एकदा हात ओढायला आणि एकदा पाय मारायला परवानगी दिली. त्यानंतर डोके पाण्यावर दिसलेच पाहिजे.

परिणाम काय झाला ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा बिल मुलिकन २ मिनिटे ३७.४ सेकंदांत विजेता ठरला. फुरुकावापेक्षा २.७ सेकंद अधिक. ही वेळ घेऊन तो मेलबर्नला उतरला असता तर पदकाविना चौथा आला असता. ऑलिंपिकचे विक्रम पुढे पुढे सरकत राहतात अशी आपली समजूत असते. इथे इतिहासाने चक्क एक पाऊल मागे घेतले. मेलबर्नला प्रत्यक्ष चौथा आलेला ऑस्ट्रेलियाचा टेरी गॅदरकोल यानेच १९५८ मध्ये नव्या नियमांखाली २:३६.५ चा विश्वविक्रम केला होता. रोमच्या अंतिम फेरीतही तो होता, पण तिथेही पदक त्याच्या हाती लागले नाही. नियम बदलले की एखाद्याचे आयुष्य असे दोन युगांच्या मधल्या फटीत सापडते.

गंमत अशी की मागे घेतलेले ते पाऊल फार काळ मागे राहिले नाही. इंडियाना विद्यापीठात जेम्स कौन्सिलमन या प्रशिक्षकाने पाण्याखालील छायाचित्रणाच्या मदतीने पोहणाऱ्यांच्या हालचाली तपासल्या. जुन्या ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पाय रुंद फाकवून मग कैचीसारखे मिटत. कौन्सिलमनने गुडघे जवळ ठेवून पावलांनी चाबकासारखा फटका मारायला शिकवले, हातांची ओढ आखूड केली आणि गती वाढवली. त्याचा शिष्य चेट जास्त्रेम्स्की याने १९६१ मध्ये एकापाठोपाठ एक विश्वविक्रम मोडले. १९६४ च्या टोकियोत ऑस्ट्रेलियाचा इयान ओब्रायन २:२७.८ मध्ये जिंकला. पृष्ठभागावर राहून, श्वास घेत, फुरुकावापेक्षा जवळजवळ सात सेकंद लवकर. जास्त्रेम्स्कीला कांस्य मिळाले.

पुढची तीस वर्षे भराभर ओलांडू. १९६८ पासून १०० मीटरचीही शर्यत सुरू झाली. डोके सतत पाण्यावर ठेवण्याची अट १९८७ मध्ये शिथिल झाली. प्रत्येक हाताच्या ओढीबरोबर ते एकदा वर आले म्हणजे पुरे. त्यातून हंगेरियन प्रशिक्षक योझेफ नॅगी यांची ‘लाटेसारखी’ शैली उदयास आली. खांदे उंच काढायचे आणि मग पुढे झेप घेऊन पाण्यात शिरायचे. त्यांच्या अमेरिकन शिष्याने, माइक बॅरोमनने, १९९२ च्या बार्सिलोनात २:१०.१६ चा विश्वविक्रम करून सुवर्ण मिळवले.

पाण्याखालच्या त्या एका ओढीचे मात्र काय झाले? भांडण तिथेच पुन्हा पेटले.

२००४, अथेन्स. १०० मीटरमध्ये जपानच्या कोसुके किताजिमाने विश्वविक्रमवीर ब्रेंडन हॅन्सनला ०.१७ सेकंदाने हरवले. पाण्याखालील चित्रणात त्याच्या पायांची एक लाथ बटरफ्लायसारखी, वरून खाली गेलेली दिसते, असा जाहीर आरोप अमेरिकन संघातील ॲरन पिअरसोलने केला. निकाल कायम राहिला. पण २००५ मध्ये फिनाने त्या बुडीत अशी एक लाथ मारण्यास अधिकृत परवानगीच देऊन टाकली. १९३५ मध्ये आयोवात नाकारलेली लाथ सत्तर वर्षांनी, अगदी एकाच वेळेपुरती, ब्रेस्टस्ट्रोकच्या दारातून आत आली.

परवानगी एकीची होती. २०१२ च्या लंडनमध्ये दक्षिण आफ्रिकेचा कॅमेरॉन व्हॅन डर बर्ग १०० मीटर ५८.४६ सेकंदांत, विश्वविक्रमासह जिंकला. पुढे एका ऑस्ट्रेलियन वृत्तपत्राला मुलाखत देताना त्याने मोकळेपणाने सांगितले की आपण एकाहून अधिक लाथा मारल्या. सगळेच मारतात, आणि जो मारत नाही तो मागे पडतो. पंच काठावर उभे राहून पाहत होते. पाण्याखालील चित्रणाचा आधार निर्णयासाठी तेव्हा घेतला जात नव्हता.

इथे फुरुकावा पुन्हा आठवतो. दोघांची सर्रास तुलना होते, ती मला पटत नाही. फुरुकावाने नियमात नसलेली गोष्ट उघडपणे केली. व्हॅन डर बर्गच्या वेळी नियम होता, तपासणी नव्हती. त्याची कबुली प्रामाणिक होती, हेही नाकारता येणार नाही. बाकीच्यांनी तेवढेही केले नाही. पण एका ठिकाणी दोष लिहिणाऱ्यांचा आहे आणि दुसऱ्या ठिकाणी पाहणाऱ्यांचा.

आता शेवटचा प्रसंग. पॅरिस, ३१ जुलै २०२४ ची रात्र. फ्रान्सचा बावीस वर्षांचा लेऑन मार्शाँ २०० मीटर बटरफ्लायची अंतिम शर्यत १:५१.२१ मध्ये जिंकतो. विजयमंचावरून उतरतो, सरावाच्या तलावात जाऊन अंग मोकळे करतो आणि दोन तास पुरे होण्याच्या आत पुन्हा परत येतो. या वेळी २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकसाठी. २:०५.८५. दुसरे सुवर्ण, दुसरा ऑलिंपिक विक्रम. हे दोन्ही प्रकार १९५२ मध्ये एकमेकांपासून तोडले गेल्यानंतर एकाच ऑलिंपिकमध्ये दोन्हींचे सुवर्ण जिंकणारा हा पहिलाच. त्या दुसऱ्या शर्यतीत प्रत्येक भिंत सोडल्यावर तो पाण्याखाली गेला, एकदाच हात मांड्यांपर्यंत ओढले, एकदाच बेडकाची लाथ मारली आणि मेलबर्ननंतर लिहिलेल्या नियमाप्रमाणे डोके पाण्यावर काढले.